लाल फडक्यातला उंट

आमचं गाव सोनपेठच्या अलीकडं, आन् भाविक तर इतकं की फडक्यात गुंडाळलेलं काही दिसलं की आधी हात जोडायचं, आत काय हाय ते मागून बघायचं. निजामाचं राज होतं. सरकारी शाळा लांब, तिथं समदं उर्दूत. म्हणून दिनकरराव मास्तरांनी इजाजत काढून मठाच्या ओसरीवर आमची मराठी शाळा मांडली होती. आमी सतरा लेकरं. कुणाचा बाप सालगडी, कुणाची माय खुरपायला. अक्षरं पाटीवर गिरवून शिकलो, पण पुस्तक म्हणाल तर मास्तरांच्या हातातलं एकच. ते त्यांनी वाचायचं आन् आमी मागं ओरडायचं.

एकदा मास्तरांनी परभणीच्या एका वकिलाला गळ घालून गोष्टींची बारा पुस्तकं महिन्याच्या बोलीवर आणली. लेकरांनी वाचली तर दुसरी बारा देईन, न्हाई वाचली तर पुन्हा तोंड दाखवू नका, आसा वकिलाचा करार. रस्ता धुळीचा, म्हणून मास्तरांनी ती लाल फडक्यात बांधली. शहाणा माणूस, पण तिथंच चुकला की वो!

मठाचे मन्मथअप्पा दारातच उभे होते. लाल फडकं बघितलं आन् त्यांनी वहाणाच काढल्या. पोथ्या समजून पुस्तकं डोक्यावर घेतली, चौरंगावर ठेवली, भस्म लावलं, बेल वाहिला.

"अप्पा, ह्या पोथ्या न्हाईत," मास्तर म्हणाले. "गोष्टी हायत, लेकरांसाठी."

"आन् लेकरांनी खरकट्या हातानं शिवायचं? मास्तर, शिकलेले ना तुमी?"

मास्तर आमच्यापुढं वाघ, अप्पांपुढं मांजर. मान हलवली आन् ओसरीवर निघून गेले.

तीन आठवडे गेले. रोज सकाळी बारा पुस्तकांना आरती! मी तवा नऊ वर्षांची. फडक्याच्या फटीतून वरच्या पुस्तकावरचा उंट दिसायचा, कुणाच्या तरी दारात मान घातलेला. ह्यो मेला कुणाच्या घरात घुसायलाय? माझा जेवणात जीव लागंना. आठ दिसांनी पुस्तकं तशीच परत जाणार, मास्तरांची फजिती होणार, आन् उंट काय मला पुन्हा भेटायचा न्हाई. मला लय रडू यायचं.

रडून भागंना, मग मी अप्पांनाच धरलं.

"अप्पा, पोथी आणून न वाचता ठेवली तर दोष लागतो म्हणं?"

"लागतोच."

"मग ह्या एकवीस दिस बंद हायत. दोष कुणाला, मास्तरांना का तुमाला?"

अप्पांचा हात भस्मातच राहिला. "लय जीभ वळवळायलीय तुजी, नीलम्मा," ते म्हणाले. "जा, आंघोळ करून ये. तूच वाच."

अप्पा स्वतः का वाचीनात, हे तवा माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

थंड पाण्यानं न्हाऊन मी चौरंगापुढं बसले. घंटा वाजली, बायाबापे हात जोडून गोळा झाले. मी वाचलं, "एका उंदरानं उंटाला जेवायला बोलावलं." धुरपताबाई डोळे मिटून म्हणाली, "हर हर!" उंटाची मान घरात शिरली, चुलीपतूर गेली, बाकीचा उंट बाहेरच. तिथं माझा घसा बसला आन् मी पुस्तक मिटलं.

"ए पोरी!" दुकानदार सांबप्पा ओरडले. "मान आत आन् उंट बाहेर ठेवून कुठं चाललीस? अध्याय अर्धा सोडू नये!"

नियम अप्पांचाच, एकदा लावलेली पोथी पुरी करायची. एकट्या माझ्या घशाचं काम न्हाई म्हणून बाराच्या बारा पुस्तकांचा सप्ताह लागला. सतरा लेकरं पाळीपाळीनं वाचायली. ज्याला अक्षर अडायचं ते आदल्या दिवशीच मास्तरांकडं पळायचं, कारण गावापुढं अडखळलं तर आब्रूच जायची. पाण्याला भिणारा भुजंगसुद्धा रोज न्हायला लागला. त्याच्या मायनं तर आनंदानं मास्तरांचे पायच धरले.

सप्ताह संपला, परभणीची गाडी जुंपली. मास्तर ऐटीत पुस्तकं मोजायले. अकरा. पुन्हा मोजली, अकराच. उंटाचं पुस्तक न्हाई! एक जरी कमी भरलं तरी दुसरी बारा विसरायची. मास्तरांना घाम फुटला. आमच्या झोळ्या झाडल्या, चौरंग उलटा केला, कुठंच काही न्हाई.

मी मठामागं पळाले. तिथं चिंचेखाली अप्पा पाठमोरे बसलेले, मांडीवर उंट. बोट एका ओळीवर, ओठ हलायले, आन् आवाज न्हाई. पन्नास वर्षं पोथी मांडीवर घेऊन घडाघडा म्हणणारा माणूस. समदं पाठ होतं वो, वाचता कधी आलंच नव्हतं.

"अप्पा, गाडी थांबलीय."

त्यांनी दचकून वर बघितलं. गावातला सगळ्यात मोठा माणूस, आन् तोंड गूळ चोरताना धरलेल्या लेकरावानी.

"नीले, कुणाला सांगू नको बरं," ते हळूच म्हणाले. "ओसरीवर तुमच्या मागं बसून बसून शिकायलोय. मानंपतूर माझा मी आलो. पुढं अडायलंय. आता अर्धी कशी सोडू, तूच सांग."

मी त्यांच्याजवळ बसले आन् त्यांच्या बोटापुढं माझं बोट ठेवलं. हाका मारत मास्तर आले, आमाला बघून जागीच थांबले, आन् परत फिरले. मग त्यांनी गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं.