बाळामावशीची चटणी पडद्यावर

मी मूर्ख आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी बी.व्होक.च्या पोरांना उद्योजकता शिकवते. पुस्तक काढलं की पोरं डुलक्या घेतात आणि व्हिडिओ लावला की ताठ बसतात. म्हणून आमचे विभागप्रमुख विश्वजित सर यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक शिक्षकानं ओळखीतल्या एका खऱ्या धंद्याची फिल्म करून आणायची. मला कागलची बाळामावशी आठवली. आईची धाकटी बहीण. वीस वर्षं कांदा-लसूण चटणी विकते, त्यावरच तिनं दोन्ही पोरं शिकवली.

मावशीची एक रीत आहे. डंकावर मिरची कुटून झाली, की शेवटचा मसाला ती सगळ्यांकडं पाठ फिरवून घालते. सुनेकडंसुद्धा. माझ्याकडं मात्र तिनं कधी पाठ फिरवली नाही, कारण लहानपणापासून मिरचीचं पोतं धरायला मीच असायची. त्याच मावशीला मी कॅमेऱ्याकडं तोंड करायला लावलं. ती नको नको म्हणत होती. फिल्म वर्गाबाहेर जाणार नाही, असं सरांनी मला सांगितलं होतं. तेच मी तिला सांगितलं, वर आईची शपथ घेतली. मग तिनं मापं सांगत, सावकाश, एकेक जिन्नस घातला. तीच मापं नंतर मी माझ्या आवाजात फिल्मवर घातली. वर्गात पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी फुगले.

दिवाळीआधी प्रदर्शनात मावशीचा नेहमीचा स्टॉल होता. समोरच्या रांगेत विश्वजित सरांच्या बायकोचा नवा चटणीचा ब्रँड, आणि तिथल्या भल्यामोठ्या टीव्हीवर आमची फिल्म. मावशीचं तोंड कापलेलं, नुसते हात. हिरव्या बांगड्या, मनगटावरचा भाजल्याचा डाग. आवाज माझा. गिऱ्हाईक सगळं तिकडंच.

मी सरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, की कॅमेरा कॉलेजचा, म्हणजे फिल्म कॉलेजची. आणि संधी दिसली की घ्यावी, हे तुम्हीच शिकवता ना मॅडम. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. केसानं गळा कापला माझा, आणि वर धडाही मलाच.

परत आले तेव्हा मावशी त्या टीव्हीकडंच बघत होती. सरांनी मला फसवलं, असं मी रडत सांगू लागले. तिनं मला थांबवलं.

"त्याला मी वळखत बी न्हाय," ती म्हणाली. "मी तुला दावलं हुतं, नंदे."

चार माणसांत शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

यंदा चैत्रात मी दरवर्षीसारखी कागलला गेले. मावशीनं चहा दिला, आईची चौकशी केली. डंकावर मी पोतं धरलं. मिरची कुटून झाली. मावशीनं मसाल्याचा डबा उचलला, माझ्याकडं पाठ फिरवली आणि मग झाकण उघडलं.