भरिताच्या धुरात न ऐकलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. पण गाणी लावणारा नव्हे. धुळ्याजवळच्या एका छोट्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणाऱ्या मुलामुलींचे आवाज ऐकून खालच्या खोलीत पोचवणे, हे माझे काम. आज मी फार संतापलो आहे, म्हणून गोडगोड बोलणार नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी केवढी ऐट! छपरावर उंच तार उभी केली, मला हार घातला. नियम एकच होता: विमान आकाशात असेपर्यंत माझ्यासमोर एक माणूस बसलेला हवा. तो चहासाठी उठला, तर दुसऱ्याने बसायचे. कित्येक वर्षे हे नीट चालले. मग लोकांना माझ्या खरखरीचा कंटाळा येऊ लागला. कोणाचा फोन आला की माझा कान पिळायचा आणि आवाज बारीक करायचा!

यंदा हिवाळ्यात धावपट्टीलगतच्या शेतात सगळ्यांनी भरीत पार्टी ठरवली. आपल्याकडे थंडीत ती हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच वेळी एरंडोलची दिपमाला एकटी विमान घेऊन वर गेली होती. माझ्यासमोर बसायची पाळी प्रेमराजची. फोनवर बोलताना त्याने माझा आवाज पार बंद केला आणि तसाच भरीत खायला निघून गेला.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. वारा फिरला आणि सगळा धूर धावपट्टीवर आला. दिपमाला वरून सांगू लागली, "खाली धूर आहे, काही दिसत नाही. पट्टी मोकळी आहे का? कोणीतरी उत्तर द्या!" तिचा शब्द न् शब्द माझ्यापाशी येत होता आणि तोंड दाबल्यासारखा मी गप्प होतो. ती घिरट्या घालत राहिली. खालची मंडळी मजेत तिला हात हलवत होती!

इंधन संपत आले, तेव्हा ती धुरातच उतरली. पार्टीची भांडी घेऊन आलेला टेम्पो पट्टीवरच उभा. तिने विमान वळवले, ते बाजूच्या पाण्याच्या चारीत गेले, चाक मोडले, तिचे कपाळ फुटले. रक्त पुसत ती खोलीत आली आणि दारातूनच ओरडली, "भरीत खावाले बठ्ठा शेतस, मन्हं आयकाले कोनीच नही?" खरेच, भरीत खायला सगळे होते, तिचे ऐकायला कोणीच नव्हते!

दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब आले. प्रेमराज माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, सेट जुना झालाय. काही ऐकूच आलं नाही. मॅडमनी हाक दिली की नाही, देव जाणे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कपाळाला पट्टी बांधलेली दिपमाला पुढे आली. तिने माझे बटण फिरवले. लगेच वरच्या विमानातून नवीन नावाच्या शिकाऊ मुलाचा आवाज खणखणीत आला, "मी उतरू का? पट्टी मोकळी आहे का?"

प्रेमराजने मान खाली घातली. साहेब म्हणाले, "थांबा, आधी जबाब पूर्ण होऊ द्या."

मित्रांनो, चौकशीला आलेला माणूससुद्धा ऐकत नव्हता! दिपमालाने खिडकीतून धावपट्टी पाहिली, माइक उचलला आणि नवीनला उत्तर दिले.

माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. मला अडगळीत टाका, नवा सेट आणा. पण त्याच्यासमोर माणूस बसवा, कारण वर कोणाचे तरी लेकरू उत्तराची वाट पाहत असते.