उसन्या धानाचा कौल

गोरेगावजवळच्या त्या मंडपात दर गुरुवारी एवढी झुंबड उडते की, थांबा नसतानाही एसटी थांबते. कारण तिथं इंद्रकुमार महाराज धानाला बोलतं करतात. मूल हवं असलेल्या बाईच्या पोटाला मूठभर धानाची ओली पोटली बांधायची आणि पुढच्या गुरुवारी सोडायची. कोंब आला तर गर्भ रुजला, नाही आला तर गेला. सोनोग्राफीची यंत्रं बनवणाऱ्यांनी आता खुशाल दुसरा धंदा शोधावा.

मी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्या गुरुवारी शेजारच्या कुंदाबाई आणि त्यांची सून नीतू यांच्यासोबत मीही गेलो. नीतूची स्वतःची बीजं संपली होती. म्हणून नागपूरच्या दवाखान्यात दुसऱ्या बाईनं दान केलेल्या बीजापासून भ्रूण तयार करून आठ दिवसांपूर्वी ते बारीक नळीनं नीतूच्या गर्भाशयात सोडलं होतं. बाराव्या दिवशी रक्त तपासायचं, तोवर एकही गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण कुंदाबाईंना दम कुठला! दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुनेला पोटली बांधून आणली.

महाराजांनी आधी एका बाईची पोटली सोडली. पांढरे लुसलुशीत कोंब! मंडप दणाणला. मग नीतूची सोडली. धान जसंच्या तसं, कोंबाचा पत्ता नाही. महाराजांनी डोळे मिटले.

"माई, बीज सो गया. धान बोलता है, डॉक्टर क्या बोलेगा? आजसे गोली बंद. ग्यारह गुरुवार सेवा."

नीतूचा चेहरा पडला. तिनं पिशवीतल्या गोळ्या काढल्या आणि महाराजांच्या पायाशी ठेवायला वाकली. मी ओरडणार, तोच कुंदाबाईंनी ते धान चिमटीत धरलं, नखानं सोललं, हुंगलं. बारा वर्षं त्यांनी गोंदियाच्या राइस मिलमध्ये उकडलेलं धान वाळवलं होतं.

"थांब व नीतू. महाराज, हे तं उसना धान होय! वाफेनं फोतर फाटलं, दाना काचेवानी पिवळा झाला. उकडलेल्या धानाले कोंब कुठून येन गा?"

"माई, श्रद्धा..."

"श्रद्धा ठेव तुह्यापाशी. बियाण्याचं धान कुठी लपवलं, ते दाखव."

गादीमागं दोन टोपल्या निघाल्या. पोटली बांधतानाच महाराज इलाजाचं विचारून घेत. जिचा इलाज चालू नाही, तिला बियाण्याचं धान. ओल्या फडक्यात आणि अंगाच्या उबेत ते कोणाच्याही पोटावर फुटेल, माझ्यासुद्धा. जिचा इलाज चालू आहे, तिला उसना. ती घाबरली की अकरा गुरुवार हमखास येते. पुढं काही बिनसलं तर श्रद्धा कमी पडली, हे पालुपद तयारच असतं.

गर्दीत कोणी तरी कुजबुजलं, "दवाखान्यातलं, म्हणजे बीज दुसरीचं?"

"हो, दुसरीचं," कुंदाबाई कडाडल्या. "दुसऱ्याच्या शेतातले पऱ्हे, धानाची रोपं, आणून तुमी आपल्या बांधीत रोवत नाही का? मंग पीक कोणाचं म्हणता?"

महाराज लघुशंकेला म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत.

सोमवारी नीतूचं रक्त तपासलं. गर्भ रुजला होता. रुजला नसता, तरी त्यात तिचा काही दोष नसता, आणि धानाचा तर मुळीच संबंध नसता.

त्याच संध्याकाळी मंडपातला प्रकार ऐकून अल्का नावाची बाई कुंदाबाईंच्या दारात आली. तिचाही असाच इलाज झाला होता. पोळ्याच्या सुमाराची आपली पोटली तिनं जपून ठेवली होती. कुंदाबाईंनी धान सोलून पाहिलं. तेही उकडलेलंच होतं.

"गुरुजी, मी तवाच गोळ्या बंद केल्या," अल्का मला म्हणाली. "मंग माह्यं लेकरू जित्तं होतं का?"

अशा इलाजात गर्भ धरून ठेवणारं द्रव्य बहुतेकदा सुरुवातीचे आठवडे औषधातूनच मिळतं. औषध थांबलं तर रुजू लागलेला गर्भही गळू शकतो. पण हे तिला सांगितलं, तर ती बाई झोपेल कशी?

बायांनो, तुम्हाला गोळी बंद करायला सांगणारा कोणीही असो, आधी डॉक्टरला विचारा आणि ठरल्या दिवशी रक्त तपासा. अल्काला उत्तर मिळालं असतं ते फक्त त्या तपासणीतून, आणि महाराजांच्या शब्दावर तिनं ती केलीच नाही.