पट्टीतली पंधरा मिनिटं

पितांबर फिटरने तो आकडा ठरवताना फार विचार केला नव्हता. दहा मिनिटं म्हटलं तर गिऱ्हाईक वळूनही बघत नाही, आणि अर्धा तास म्हटलं तर तोंडावर हसतं. म्हणून तो सगळ्यांना एकच सांगायचा, "बसवून घ्या. शिरपूर ते धुळं, पंधरा मिनिटं वाचतील."

वस्तू साधीच होती. वीतभराची लोखंडी पट्टी, तिला दोन भोकं. जळगावचा रतिलाल ती 'पिकअप पट्टी' म्हणून दुकानोदुकानी देऊन जायचा. रेसच्या दांड्याला ती जोडली की पाय नुसता टेकवला तरी कार्बोरेटर भसकन उघडायचा आणि गाडी पुढे उडी घ्यायची. ड्रायव्हरला वाटायचं, इंजिनाला नवा जीव आला. पितांबरला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नळाची चावी लवकर फिरली म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही. पाय पूर्ण दाबल्यावर गाडी जेवढी पळायची, तेवढीच पळते. पण देवपुरात आग्रा रोडच्या कडेला पत्र्याचं दुकान टाकून बसलेला माणूस हे गिऱ्हाइकाला कशाला सांगत बसेल?

आधारनानांनाही त्याने तेच सांगितलं होतं. नाना शिरपूरचे, अँबेसेडर टॅक्सी चालवायचे. पितांबरने पहिल्यांदा पाना हातात धरला तेव्हापासून त्यांची गाडी त्याच्याकडेच यायची. होळीच्या सुमाराला ते आले तेव्हा मागच्या सीटवर त्यांची बायको कलाबाई होती. पितांबरने पट्टी जोडली आणि नानांना एक चक्कर मारायला लावली. गाडी अशी उसळली की कलाबाईच्या हातातला चहाचा कप तिच्या लुगड्यावर सांडला.

"काढ रे भाऊ ती," ती खाली उतरून म्हणाली. "जीव घाबरस मन्हा."

"वहिनी, पंधरा मिनिटं वाचतील रोज!"

"वाचाडीसन काय करू? यास्नं तोंड जास्ती येळ दखू?"

नाना पोट धरून हसले. "हायकोर्टाचा निकाल लागला, पितांबर. काढ."

पट्टी निघाली. विषय संपला.

वैशाखात एका सकाळी कलाबाईच्या छातीत दुखायला लागलं. शिरपूरच्या डॉक्टरांनी धुळ्याला न्यायला सांगितलं. नानांनी तिला मागच्या सीटवर झोपवलं, शेजारच्या ताईबाईला सोबत घेतलं आणि साडेनऊला गाडी काढली. पावणेअकराला दवाखान्याच्या दारात पोचले. तिथल्या डॉक्टरने तपासलं, स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि म्हणाला, "पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

पितांबर माणसं घेऊन कलाबाईच्या अंत्यविधीला शिरपूरला गेला होता. डॉक्टरचं ते वाक्य त्याने तिथेच, ताईबाईच्या तोंडून ऐकलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पितांबरला मात्र त्यात आपलाच आकडा ऐकू आला. त्याने नानांकडे पाहिलं. नाना खाली मान घालून बसले होते.

त्यानंतर नाना सहा महिने दुकानाकडे फिरकले नाहीत. कार्तिकात एक दिवस आले. गाडीतून उतरले नाहीत, खिडकीतूनच बोलले. खूप वाळले होते.

"बसव."

"काय, नाना?"

"ती पट्टी. शे ना अजून?" मग थोडं थांबून, एखादं लहान पोर विचारतं तसं त्यांनी विचारलं, "पंधरा मिनिटं शेतस ना रे तुन्ही पट्टीमा?"

हो म्हणावं तर ह्या माणसाने बायकोला स्वतःच्या हाताने मारलं, असं होत होतं. नाही म्हणावं तर इतकी वर्षं आपण गिऱ्हाइकांच्या तोंडावर खोटं बोललो, हे कबूल करायला हवं होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "उद्या मी शिरपूरला येतो. तिथेच बसवू. साडेनऊला निघू, तुम्ही चालवा. आपण दोघं बघू."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीने गेला. नानांच्या अंगणात पट्टी जोडली, बोल्ट घट्ट आवळले. घड्याळात साडेनऊ झाले तशी गाडी निघाली. सुरुवातीलाच ती उसळली. नानांनी पटकन मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती. ते पुन्हा समोर बघू लागले.

तापीच्या पुलावर पुढे मालट्रकांची रांग होती. नरडाण्याच्या अलीकडे कापसाच्या गाड्या अर्धा रस्ता अडवून चालल्या होत्या. मोकळा रस्ता मिळाला की नाना पाय दाबून धरायचे. काटा जिथे नेहमी अडायचा तिथेच अडायचा आणि गाडीचा पत्रा थरथरायचा. देवपूर मागे पडलं, पांझरेचा पूल ओलांडला. नानांनी दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली आणि मनगट पितांबरपुढे धरलं.

अकराला सोळा मिनिटं कमी होती.

"एकच मिनिट वाचलं," नाना म्हणाले.

"तेही पट्टीचं नाही, नाना. सोनगीरजवळ ट्रकवाल्याने बाजू दिली म्हणून." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "हिच्यात काहीच नाही. गाडी नुसती उडी मारते, पळत नाही. मला आधीपासून माहीत होतं. पंधरा मिनिटं मी माझ्या मनाने सांगायचो. गिऱ्हाइकाला पटावं म्हणून."

"आणि डॉक्टर?"

"त्यांचं मला माहीत नाही. माझं मी सांगतो. त्या दिवशी पट्टी असती तरी तुम्ही पावणेअकरालाच पोचला असता. तुमच्या हातून काही चुकलं नाही."

पितांबरला वाटलं, नाना शिव्या देतील, नाहीतर रडतील. दोन्हींची त्याने तयारी ठेवली होती. नाना स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या दाराकडे बघत राहिले. दवाखान्यातून एक बाई तान्हं मूल घेऊन बाहेर आली, रिक्षात बसून गेली.

"सोनगीरला तिने पाणी मागितलं होतं," नाना म्हणाले. "मी थांबलो नाही. म्हटलं, वेळ जाईल. पुढे पाजू. दोनदा मागितलं तिने." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "सहा महिने मी मनात तीच गाडी चालवतो आहे. पट्टी लावून. सोनगीरला थांबतो, तिला पाणी पाजतो, आणि तरी वेळेवर पोचतो."

नानांनी पुन्हा एकदा मागच्या सीटकडे पाहिलं.

"ते बी गयं आते," नाना म्हणाले. "काढ ती."

तिथेच, दवाखान्याच्या कुंपणाजवळ, पितांबर बॉनेटखाली वाकला. त्याने बोल्ट ढिले केले. पट्टी त्याने खिशात घातली. नाना त्याला दुकानापाशी सोडून निघून गेले.

पुन्हा ते त्याच्याकडे आले नाहीत. राग असेल असं पितांबरला वाटत नव्हतं, पण रस्त्यात अडवून विचारायची हिंमतही झाली नाही. रतिलाल पुढच्या खेपेला आला तेव्हा उरलेल्या पट्ट्या त्याने परत दिल्या.

"का रे, चालत नाहीत?" रतिलालने विचारलं.

"चालतात," पितांबर म्हणाला. "मलाच विकता येत नाहीत."

नानांच्या टॅक्सीत बसणारी माणसं मात्र कधीमधी दुकानात कुरकुर करायची. म्हातारा सोनगीरला गाडी थांबवतो म्हणे. कुणी सांगो न सांगो. हापशावरून तांब्या भरून आणतो आणि मागच्या सीटवरच्या बायाबापड्यांना विचारतो, पाणी हवं का? कुणी घेतं, कुणी घेत नाही. पाच मिनिटं उगाच जातात.

"जाऊ द्या," पितांबर म्हणायचा आणि कामाला लागायचा.

सकाळी कधी नानांच्या गाडीचा आवाज रस्त्यावरून यायचा. एवढ्या गाड्यांत तो त्याला बरोबर ओळखू यायचा, एकसारखा, कुठेही न दचकणारा. पितांबर हातातलं काम थांबवायचा. आवाज दुकानापाशी यायचा, जरासाही कमी न होता पुढे जायचा, आणि पांझरेच्या पुलाकडे विरून जायचा.