उभं राहण्याची कला

तेवीस वर्षांच्या नोकरीत नागुमोने परदेशी प्रकाशकांसाठी पुस्तकांचे चारेकशे परिचय लिहिले. त्यातला एकच सात देशांत वाचला गेला, आणि नेमका तोच खोटा होता.

टोकियोत जिम्बोचोतल्या एका प्रकाशन संस्थेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ‘परदेश विभाग’ अशी पाटी होती. विभाग म्हणजे नागुमो, एक फॅक्स मशीन आणि विभागप्रमुख शिमोजो. तिघांपैकी फॅक्स मशीनला सगळ्यात कमी काम होतं, पण फार फरक नव्हता. टोकियोतल्या गटारांचा इतिहास, सरकार आणि मिठाचा मक्ता, धरणाखाली गेलेली चार गावं, अशी भारदस्त पुस्तकं नागुमो दरवर्षी इंग्रजी सूचीत घालून जगभर पाठवत असे. पुस्तकं चांगली होती. नागुमो ती प्रामाणिकपणे कळवायचा, आणि परदेशी प्रकाशक तितक्याच प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे नाहीत.

“अरे नागुमो,” शिमोजोसाहेब एकदा जेवणाच्या सुट्टीत नूडल्स भुरकत म्हणाले होते, “परदेशी वाचकाला आपली दुःखं कशाला हवीत? त्यांची त्यांना पुरून उरतात. त्यांना आपली गुपितं हवीत. एक जपानी शब्द, दोनशे पानं, आणि वाचून झाल्यावर माणूस शांत झाला पाहिजे. मांजर असेल तर उत्तमच.”

त्याच वर्षी फुसाए कुरामोची या बाईंचं पुस्तक आलं. त्यात मांजर नव्हतं. शब्द मात्र होता : ताचिप्पानाशी. म्हणजे उभ्याने ताटकळणं, दिवसभर बूड टेकायला न मिळणं. कुशिरोच्या किनाऱ्यावर मासे डबाबंद करण्याचा कारखाना होता. तिथल्या बायका संध्याकाळी गमबूट उपसून काढताना हा शब्द उच्चारत, आणि तो आशीर्वादासारखा उच्चारत नसत. दिवसाचे अकरा तास उभं राहायचं. स्टूल नाही, कारण बसल्यावर हात मंदावतो असं मालकाचं मत होतं. फुसाएबाई स्वतः तिथे अठ्ठावीस वर्षं होत्या. कारखाना बंद पडल्यावर त्या बसने गावोगाव फिरल्या, जुन्या मैत्रिणींना शोधून काढलं, बारा वर्षांत त्र्याऐंशी जणींकडून ऐकून घेतलं आणि लिहिलं. शेवटची नऊ पानं म्हणजे त्या त्र्याऐंशी जणींची नुसती नावं.

नागुमोने पहिला परिचय असा लिहिला : ‘उत्तरेतल्या कारखान्यात दिवसाचे अकरा तास उभ्याने राबलेल्या त्र्याऐंशी बायकांची हकिगत.’

“वाचून माझेच पाय दुखायला लागले,” शिमोजो म्हणाले. “आणि एक सांगू का, वरून निरोप आलाय. या सूचीतून काही विकलं गेलं नाही तर विभागच नको म्हणतायत.”

संध्याकाळपर्यंत ‘कारखाना’ गेला. दुसऱ्या दिवशी ‘राबलेल्या’ गेलं. गुरुवारी ‘हकिगत’ची ‘परंपरा’ झाली, आणि शुक्रवारी, सूची छापायला जाण्याच्या तासभर आधी, नागुमोने स्वतःच, कोणी सांगितलेलं नसताना, ‘कला’ हा शब्द घातला. छापून आलं ते असं : ‘ताचिप्पानाशी : उत्तर जपानच्या थंड किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या जपलेली उभं राहण्याची शांत कला. त्र्याऐंशी स्त्रियांचं शहाणपण.’

एकेक शब्द बदलताना त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. माणूस एकदम खोटं बोलत नाही; तो संपादन करतो.

सात देशांनी उत्तर दिलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच फॅक्स मशीनचा कागद संपला. सगळ्यात उत्साही होत्या हॉलंडच्या आनेकेबाई. त्यांच्या योजनेत पुस्तकाची पहिली साठ पानं राहणार होती, तीही कारखाना वगळून. शेवटची नावं गाळून तिथे ‘एकवीस दिवसांत ताचिप्पानाशी’ असा सराव घालायचा होता. त्या स्वतः टोकियोला येणार होत्या. लेखिकेला भेटायचं, फोटो काढायचा, आणि त्याच बैठकीत लेखिकेने संमतीपत्रावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा, असं ठरलं.

फुसाएबाईंना हे कळवण्याचं काम नागुमोचं होतं. त्याने फोन केला आणि लेखकांना गुरुजनांसारखं ‘सेन्सेई’ म्हणायच्या रिवाजाने म्हणाला, “सेन्सेई, अभिनंदन! सात देश!”

 मग बाई म्हणाल्या, “मासे कापणारीला कसली सेन्सेई म्हणता हो? बरं, एक विचारते. नावं पण छापतील ना? त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी?”

“ते… तिथल्या वाचकांच्या सोयीने थोडं बघावं लागतं,” नागुमो म्हणाला.

“बघा हं. एवढंच माझं मागणं आहे, बाकी काही नको.”

‘बघावं लागतं’ म्हणजे ‘नाही’, हे टोकियोत शेंबडं पोरही जाणतं. कुशिरोत बहुधा त्याचा अर्थ ‘बघतो’ असाच होत असावा.

बैठकीच्या दिवशी फुसाएबाई सकाळच्या विमानाने आल्या. वय एकोणऐंशी, हातात काठी, पायात जाड मोजे. सुती कापडात बांधलेलं गाठोडं त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केलं. “काही विशेष नाही हो, अगदी फालतू आहे.” आत माशाचे बारा डबे होते, म्हणजे दोन्ही हातांना जड होईल इतकं वजन. शिमोजोंनी कमरेत वाकून ते घेतलं आणि नागुमोच्या हातात दिलं. नागुमोला ते कुठे ठेवावं कळेना, म्हणून तो ते घेऊन उभा राहिला.

आनेकेबाई उंच, हसतमुख आणि मनाने अगदी चांगल्या होत्या. नागुमोला पुढे याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. त्या लबाड असत्या तर बरं झालं असतं. खोलीत आल्या आल्या त्यांनी बूट काढले, गुडघे किंचित सैल सोडले आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

“या बाईंना पाठीचा त्रास आहे का?” फुसाएबाईंनी हळूच विचारलं.

“लांबचा प्रवास झालाय,” नागुमो म्हणाला.

दुभाष्या म्हणून तोच होता. आनेकेबाईंनी वही उघडली.

“ही साधना कोणत्या वयात सुरू केलीत?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“कामाला कधी लागलात?” नागुमोने विचारलं.

“पंधराव्या वर्षी.”

“पंधराव्या,” नागुमोने सांगितलं.

“इतक्या लहानपणी! रोज किती वेळ?”

“अकरा तास. हंगामात तेरा.”

आनेकेबाईंचा हात छातीशी गेला. “आणि तुमचे गुरू कोण होते?”

नागुमोने प्रश्न जपानीत फिरवला. “तुम्हाला कोणी शिकवलं?”

“यामागिशी मुकादमाने. शिकवायचंय काय त्यात? ओठात शिट्टी धरून मागे फिरायचा. कोणी पाय हलवला की वाजवायचा.”

“यामागिशी नावाचे गृहस्थ होते,” नागुमो इंग्रजीत म्हणाला. “त्यांच्याकडे एक शिट्टी असे.”

“शिट्टी!” आनेकेबाईंनी वहीत लिहून खाली रेघ मारली.

प्रश्न खरा होता, उत्तर खरं होतं, भाषांतरातही एखादाच शब्द इकडचा तिकडे होत होता. तरी दोन्ही बाजूंच्या खऱ्याची बेरीज नागुमोच्या तोंडातून जाता जाता खोटी होत होती.  शिमोजो समाधानाने मान हलवत होते.

मग फोटो. आनेकेबाईंना खुर्चीतला फोटो नको होता. सेन्सेईंनी उभं राहावं, जशा त्या किनाऱ्यावर उभ्या राहत तशा, अशी त्यांची इच्छा होती.

“सेन्सेई, जरा उभं राहून फोटो हवाय त्यांना. तेव्हा कशा उभ्या राहायचात तशा.”

फुसाएबाईंनी काठी टेबलाला टेकवली आणि उठल्या. आणि उठल्याबरोबर त्यांचं शरीर आपणहून जागेवर गेलं. डावी कंबर तिथे नसलेल्या ओट्याला टेकली, मान खाली झुकली, उजवा हात किंचित उचलला गेला, नजर न आलेल्या माशावर स्थिरावली. छत्तीस वर्षं बंद असलेला कारखान्यातला सरकता पट्टा खोलीत सुरू झाल्यासारखं झालं. आनेकेबाई शेजारी तशाच उभ्या राहिल्या, डावी कंबर बाहेर काढून. पाहुण्यांचा मान म्हणून शिमोजोही उभे राहिले. सुटाबुटातल्या विभागप्रमुखाने हवेतला मासा धरला आणि हसतमुखाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. फोटो नागुमोला काढायचे होते, म्हणून त्याने डबे एका खुर्चीवर ठेवले.

चार झाले. पाचवा झाला. फुसाएबाईंचा डावा गुडघा थरथरायला लागला.

“बसू का आता?” त्यांनी विचारलं.

हे कोणाला उद्देशून विचारलं ते स्पष्ट नव्हतं. त्यांचं तोंड ओट्याकडेच होतं. शिमोजोंनी हसरा चेहरा न मोडता ओठांच्या कोपऱ्यातून म्हटलं, “कॅमेरा फिरवून एक उभा घे रे. मुखपृष्ठाला उभा लागतो.”

“एकच अजून, सेन्सेई,” नागुमो म्हणाला.

फुसाएबाईंनी मान वर केली. रागावल्या नव्हत्या. ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखं त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

“यामागिशी पण असंच म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “‘एकच ट्रे अजून.’ गोड आवाज होता मेल्याचा.”

फोटो हलला.

चहा आला. संमतीपत्र पुढे आलं. तिसऱ्या कलमात लिहिलं होतं : ‘स्थानिक वाचकांच्या सोयीनुसार परिशिष्टांत यथोचित बदल करण्यास लेखिकेची हरकत नाही.’ परिशिष्ट म्हणजे त्र्याऐंशी बायका, हे त्या कागदावरून कायदेपंडितालाही कळलं नसतं. फुसाएबाईंनी पर्समधून छोटी थैली काढली, थैलीतून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली.

“तुम्ही दाखवाल तिथे मारते. चष्मा विमानात राहिला.” मग थांबून त्या म्हणाल्या, “आमची एक मैत्रीण आहे, आता अंथरुणातच असते. तिने विचारलंय, माझं नाव त्यांच्या अक्षरांत कसं दिसेल? छापून आलं की दाखव म्हणाली. नावं आहेत ना?”

शिमोजोंचा बूट टेबलाखालून नागुमोच्या नडगीवर आला. नागुमोचं बोट कागदावर शिक्क्याच्या गोलाशेजारी होतं. ते त्याने उचललं.

“नाहीत,” तो म्हणाला.

“नागुमो,” शिमोजो म्हणाले.

“नावं काढणार आहेत. कारखानाही काढणार आहेत. या बाईंना वाटतंय, ताचिप्पानाशी हा व्यायाम आहे. म्हणजे कला. पुरातन.” त्याचा आवाज त्यालाच कोणा लांबच्या नातेवाइकासारखा वाटला. “त्यांची चूक नाही. तसं मी लिहिलं.”

तो जमिनीवर गुडघे टेकून कपाळ खाली नेऊ लागला. माफी मागण्याची पद्धत आहे ती.

“उठा हो,” फुसाएबाई म्हणाल्या. “माफी मागायची म्हणून का होईना, तुम्ही बसलातच ना.”

तो उठला. आनेकेबाई हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून एकेकाकडे पाहत होत्या. कोणी भाषांतर करत नव्हतं.

फुसाएबाईंनी शिक्का मुठीत धरला. मग म्हणाल्या, “माझ्याच लिहिण्यात काहीतरी कमी राहिलं असणार. नीट लिहिलं असतं तर कोणाला व्यायाम कसा वाटला असता?”

नागुमोला शिव्या चालल्या असत्या.

“पुस्तक वाचलंय का तुम्ही?” त्यांनी विचारलं.

तो खोटं बोलू शकला असता, सराव होता. “बासष्ट पानं,” तो म्हणाला. “पुढचं कमरपट्टीवरून लिहिलं.” कमरपट्टी म्हणजे पुस्तकाच्या कमरेला गुंडाळलेला जाहिरातीचा कागद. त्यावरचा मजकूरही त्यानेच लिहिला होता.

फुसाएबाईंनी शिक्का थैलीत घातला, थैलीची दोरी ओढली आणि थैली पर्समध्ये टाकली. कपाटातली प्रत मागून घेतली, मागची नऊ पानं उघडली आणि त्याच्यापुढे धरली.

“मग आत्ता वाचा. मोठ्याने. या बाईंनाही ऐकू दे. आणि मी पाय दाखवते, तेवढ्याचं भाषांतर लागणार नाही.”

त्यांनी खाली वाकून डावा मोजा घोट्यापर्यंत उतरवला. आनेकेबाईंनी पाहिलं. निळ्या शिरांच्या गाठी गुडघ्यापासून खालपर्यंत दोरखंडासारख्या उतरल्या होत्या. आनेकेबाईंनी हळूहळू आपले बूट घातले. मग नागुमोकडे पाहून एकच शब्द विचारला, “काय?” आणि नागुमोने त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं : कारखाना, स्टूल, शिट्टी, शुक्रवारची दुपार. त्यांनी वही मिटली. “पुढे काय करायचं ते मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या, “पण नावं ऐकते.” शिमोजो फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. फोन वाजला नव्हता.

नागुमो वाचू लागला. पहिली दोन नावं सोपी होती. तिसऱ्याला तो अडला. जपानी चित्राक्षरांचं हेच आहे : अक्षर एक, उच्चार चार. कोणत्या बाईचा कोणता, हे तिला ओळखणारंच सांगू शकतं. म्हणून फुसाएबाईंनी हस्तलिखितात प्रत्येक नावाशेजारी बारीक अक्षरांत उच्चार लिहून दिला होता. छापताना तो काढला गेला, कारण पानं वाढत होती.

“त्सुनोदा साची,” त्याने अंदाजाने वाचलं.

“काकुता. काकुता मियुकी. माशांची डोकी उडवायच्या ओळीत होती. पुढचं.” यादी त्यांना पाठ होती.

“ओसादा…”

“नागाता. हिचा अंगठा गेला. पुढचं.”

तेवीस वर्षं जपानी पुस्तकं जगाला समजावून सांगणाऱ्या माणसाला जपानी वाचता येत नव्हतं. तिसाव्या नावाला त्याच्या टाचा दुखू लागल्या. शेजारी खुर्ची होती, पण त्यावर माशांचे डबे होते, आणि ते हलवायला कोणी सांगितलं नव्हतं. चाळिसाव्याला त्याने नकळत डावी कंबर टेबलाला टेकवली. फुसाएबाईंनी ते पाहिलं. “पुढचं,” त्या म्हणाल्या.

‘बसू का?’ हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं, आणि एकेचाळिसावं नाव चुकीचं वाचलं.