आप्पांचं तोंड

टेबलावरचा लालसर पेला नागोजीआप्पांनी उचलला तो कोकम सरबत समजून. उन्हातून आले होते, घशाला कोरड पडली होती. एका दमात अर्धा पेला पोटात गेला आणि मग त्यांचा चेहरा बदलायला लागला. आधी भुवया वर गेल्या, मग एक डोळा मिटला, दात नसल्यानं हनुवटी पार नाकाला भिडली आणि जीभ बाहेर येऊन तशीच राहिली.

"काय हाय गं ह्ये?" त्यांनी कसंबसं विचारलं.

मनिषाचा, म्हणजे त्यांच्या सुनेचा मोबाइल समोरच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता. ती फोकाचिया नावाच्या इटालियन पावाचा व्हिडिओ करत होती. त्यात आप्पांचा चेहरा आपसूक आला. हसू आवरत तिनं सांगितलं, की इटलीत जेवणाआधी असलं कडू घेतात, चांगली भूक लागावी म्हणून. संत्र्याच्या साली आणि काडेचिराईत उकळून तिनं ते घरीच केलं होतं. आप्पांना ते काही पटलं नाही. भूक लागायला वडगावात कुणाला काही प्यावं लागत नव्हतं.

लग्नाआधी मनिषा पणजीत एका इटालियन बाईच्या बेकरीत कामाला होती. तिथं तिचा हात असा बसला, की सासरी आल्यावरही तिला पीठ मळल्याशिवाय चैन पडेना. राजकुमारनं, तिच्या नवऱ्यानं, हौसेनं ओव्हन आणून दिला. बेळगावचं वडगाव विणकरांचं; शेजारच्या मागांची खडखड चालू असायची आणि हिच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या पावाचा वास गल्लीत जायचा. आप्पा माळकरी, म्हणून ती घरात अंडं आणत नसे. सगळं बिनअंड्याचं बसवायला तिनं किती पीठ वाया घालवलं, ते तिचं तिलाच ठाऊक. 'वडगाव ते व्हेनिस' नावाचं पान तिनं इंटरनेटवर काढलं होतं आणि त्यावर ती मनापासून लिहायची. पण वाचणारं फारसं कुणी नव्हतं. कोल्हापूर, हुबळी, गोव्याकडच्या खाद्य-ब्लॉगवाल्यांचा मोठा गट होता. ते एकमेकांचं कौतुक करायचे. हिच्या पावाच्या फोटोखाली कुणी साधा अंगठाही टाकत नसे.

त्या दिवशी गंमत म्हणून तिनं व्हिडिओच्या शेवटी आप्पांचं तोंड ठेवलं. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर मोबाइल वाजायचा थांबायलाच तयार नाही. ज्या माधवीच्या एका शब्दासाठी ती कितीतरी दिवस वाट बघत होती, त्या गटातल्या कोल्हापूरच्या माधवीनंच तो पुढं पाठवला होता. पावाबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं. सगळे एकच विचारत होते, आजोबांना आता काय देणार?

मग दर रविवारी आप्पांची खुर्ची टेबलापाशी मांडली जाऊ लागली. आप्पांना ते आवडलं. बायको गेल्यापासून त्यांचं ताट बाहेरच्या खोलीत यायचं. जेवताना समोर कुणी नसायचं. आता सून समोर बसायची, उजेडासाठी दिवा धरून मुलगा उभा राहायचा आणि दोघंही विचारायची, आप्पा, कसं लागतंय? आप्पा नवीन फेटा बांधून तयार राहू लागले. खारट ऑलिव्ह, बिनसाखरेची काळी कॉफी, कडसर पालेभाजी, सालीसकट लिंबू, समोर येईल ते त्यांनी तोंडात घातलं. एकदा मनिषानं बिस्कोत्ती भाजली, दोनदा भाजतात ती खडखडीत बिस्किटं. ती चहात बुडवून खायची असतात. पण चहा तिनं बाजूला ठेवला. आप्पांनी नुसत्या हिरड्यांनी जोर केला आणि हिरडी फाटली. मनिषानं मिठाचं कोमट पाणी करून त्यांना चूळ भरायला लावली. मग व्हिडिओतून रक्त दिसत होतं तेवढा भाग कापला. चेहरा ठेवला. तो व्हिडिओ सगळ्यांत जास्त चालला.

हिवाळ्यात गटाचा मेळावा बेळगावात, टिळकवाडीतल्या एका हॉटेलात ठरला. संध्याकाळी इटालियन पद्धतीनं पेयं आणि सोबत खायला मनिषाचे पाव. मात्र आप्पांना घेऊन ये, असं माधवीनं बजावलं होतं.

हॉलमध्ये मनिषाच्या पावांपुढं तिच्या नावाची पाटी होती. लोक येऊन फोकाचियाचे फोटो काढत होते, तुकडे मोडून खात होते, कसं केलंस म्हणून विचारत होते. तिला रडू फुटेल की काय असं वाटत होतं. आप्पा पुढच्या खुर्चीत ताठ बसले होते. धोतराला त्यांनी स्वतः इस्त्री केली होती.

माधवीनं गोव्याहून त्या कडू पेयाची खरी, दारू असलेली बाटली आणली होती. मनिषानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की आप्पा माळकरी आहेत, मी त्यांना नुसत्या सालींचं देते.

"अगं, दोन घोटांनी काय बिघडतंय?" माधवी म्हणाली. "तुझ्या घरच्या पेयाचं तोंड आता सगळ्यांनी बघून झालंय. नवीन नको का?"

माधवीनं पेला भरला. तो आप्पांपर्यंत मनिषानंच नेला.

आप्पांनी पेला नाकाशी धरला आणि थांबले. भोवती पंधरा-वीस मोबाइल उभे होते. त्यांनी त्यातल्या कुणाकडं पाहिलं नाही, फक्त सुनेकडं पाहिलं.

"पोरी, ह्यात तसलं काय न्हाय न्हवं?"

"संत्र्याची सालं हैत, आप्पा. घरातल्यासारखंच हाय."

आप्पा प्याले. चेहरा असा झाला, की हॉलमध्ये हसण्याचा कल्लोळ उठला. सगळे हसतात म्हणून आप्पाही हसले. मागच्या कुणाला मोबाइलवर नीट घेता आलं नव्हतं, त्यानं 'पुन्हा एकदा' म्हटलं. आप्पांनी पुन्हा पेला तोंडाला लावला.

घरी येताना रिक्षात ते म्हणाले, डोकं हलकं झाल्यागत वाटतंय, वय झालं. मनिषा बाहेर बघत राहिली.

माधवीनं व्हिडिओ टाकला तो बाटलीवरचं नाव ठळक दाखवून. वर लिहिलं होतं, 'आजोबांचा पहिला पेग'. वडगावात तो पोचायला वेळ लागला नाही. चौथ्या दिवशी भावकू आले. आप्पांच्या शेजारी बसून त्यांनी उभं आयुष्य भजन म्हटलं होतं. ते उंबऱ्यापाशीच बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ह्या वक्ताला भजनातला तुझा टाळ धाकट्या जोतिबाकडं दिलाय. लोकं बोलाय लागल्यात."

आप्पा म्हणाले, संत्र्याची सालं होती ती.

"बाटली दाखिवल्यात, नागोजी," भावकू म्हणाले आणि उठून गेले.

आप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. मनिषा पीठ मळत होती.

"तुला ठाव हुतं?"

तिचे हात थांबले नाहीत. "दोनच घोट हुतं, आप्पा," ती म्हणाली.

आप्पांनी मान हलवली आणि बाहेरच्या खोलीत गेले. गळ्यातली माळ त्यांनी स्वतःच काढली, स्वच्छ फडक्यात बांधली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिली. पुढं कितीतरी दिवस बोलता बोलता त्यांचा हात गळ्याशी जायचा आणि रिकामा खाली यायचा.

राजकुमारला कळलं तेव्हा त्यानं ओव्हनची वायर उपटली, दोन दिवस बायकोशी बोलला नाही. मनिषानं रडून माधवीला व्हिडिओ काढून टाकायला लावला. माधवीनं काढून टाकला. पण तोवर तो इतक्या मोबाइलांत जाऊन बसला होता, की काढला काय आणि ठेवला काय. महिनाभर मनिषानं काहीच टाकलं नाही. पानावर लोक विचारत राहिले, आप्पा कुठं आहेत? दुपारी एकटी असली की ती ते वाचत बसे.

मग एका रविवारी तिनं वायर पुन्हा जोडली आणि बदामाचा केक केला. मऊ, हिरडीला लागणार नाही असा. तो व्हिडिओसाठी नव्हता, आप्पांसाठी होता. क्षमा मागायची दुसरी रीत तिला येत नव्हती.

संध्याकाळचे सात वाजत आले होते. भजनाची वेळ. आप्पा फेटा बांधून आत आले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले.

"आप्पा, आज शूटिंग न्हाय," मनिषा म्हणाली.

"लाव की मोबाइल. मला तरी आता दुसरं काय काम हाय?"

ती घुटमळली. मग तिनं मोबाइल डब्याला टेकवला आणि केकचा तुकडा चमच्यात घेऊन पुढं केला. चमचा ओठाला लागायच्या आतच आप्पांच्या भुवया वर गेल्या. एक डोळा मिटला, हनुवटी नाकाला भिडली, जीभ बाहेर आली. कुठंही कमी-जास्त नव्हतं.

"झालं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"झालं, आप्पा."

त्यांनी चेहरा सरळ केला, बशी जवळ ओढली आणि केक खायला सुरुवात केली. हळूहळू, एकेक घास हिरडीवर घोळवत. मनिषा समोर बसून बघत होती. विचारायचा तिला धीर होईना. केक गोड झालाय की नाही, ते आप्पांच्या चेहऱ्यावरून तिला काही केल्या कळेना.