नरवंध्य जालिंदरराव

जालिंदररावांना दोन गोष्टींचा भारी षौक. स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत वाचायचा आणि बायकोवर हात उचलायचा. नांदूरघाटला त्यांच्या शेताचा तुकडा घेऊन मी ज्वारीवर संशोधन करत होते, त्यामुळे दोन्ही षौक मला जवळून दिसायचे. त्यांची बायको केशरबाई पदराने गाल झाकून मला चहा आणून द्यायची. मूल नाही म्हणून गाव तिला वांझोटी म्हणे. आता तर दुसरी बायको आणायचं ठरलं होतं. मुलीचे वडील उत्तरेश्वर फक्त 'हो' म्हणायचे बाकी होते. मी दात-ओठ खायची आणि पुन्हा ज्वारीत डोकं घालायची.

माझी ज्वारी दिसायला रुबाबदार, पण तिच्यात पराग नाही. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांना स्वतःचा छोटा डीएनए असतो. केंद्रकाच्या हुकमाने बनलेलं एक प्रथिन त्या डीएनएला घट्ट धरून बसतं, भलत्या जागी जुळू देत नाही. माझ्या झाडांत ते प्रथिनच बिघडलेलं. मग डीएनएची तोडमोड होते, तंतुकणिका फुगतात, त्यांच्या आतल्या घड्या विस्कटतात आणि पराग उपाशी मरतो. मादी मात्र शाबूत. बाहेरचा पराग दिला की दाणा टच्च भरतो. अशा झाडाला 'नरवंध्य' म्हणतात.

मी केजच्या पेंटरला फोनवर शेतात लावायच्या बोर्डाचा मजकूर सांगितला: नरवंध्य ज्वारी, शेतकरी जालिंदरराव. त्या बाबाचा जन्म पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक रंगवण्यात गेलेला. नरवीर, नरकेसरी, तसंच हेही काहीतरी असणार, असं त्याला वाटलं. त्याने ज्वारीला खाली कोपऱ्यात बसवलं आणि वर लाल अक्षरांत लिहिलं: 'नरवंध्य जालिंदरराव'. मी तेव्हा प्रयोगशाळेत होते. ध चा मा करणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, इथे वाचताना ध चा द झाला. नरांना वंद्य, म्हणजे समद्या माणसांनी पाया पडावं असा, हे जालिंदररावांना मनापासून पटलं. बोर्डाला हार घालून, खाली उभं राहून त्यांनी फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला.

उत्तरेश्वरांचे थोरले जावई मराठीचे मास्तर निघाले. त्यांनी सासऱ्यांना शब्दाचा खरा अर्थ सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणसांना कागदी पिशव्या बांधत होते तेव्हा जीप आली. जालिंदरराव कोयता घेऊनच उतरले. आधी बोर्ड तोडला, मग माझी ज्वारी. फुलोऱ्यावर आलेली ताटं सपासप खाली पडत होती. मी आडवी गेले तर कानाखाली अशी बसली की तोंडात रक्त आलं.

"सांग यान्ला! नरवंध्य कोन हाय, सांग!"

जीपजवळ उत्तरेश्वर उभे होते. मी रक्त थुंकले आणि खरं तेच सांगितलं. शब्द ज्वारीचा आहे, चूक पेंटरची आहे.

"मंजी खोट ज्वारीत हाय," उत्तरेश्वरांनी सुस्कारा सोडला. "मग आमची काई हरकत न्हाई."

खरं बोलून मी केशरबाईची सवत आणली होती.

"बोर्ड बरूबर हाय, भाऊ."

केशरबाई चहाची किटली घेऊन बांधावर उभी होती.

"गप ए!" जालिंदरराव ओरडले.

"अंबाजोगाईला दोगांलाबी तपासलं. डॉक्टर मनला, बाईत खोट न्हाई. ह्यांनी मला गप ऱ्हायची देवाची आन घातली. तुमच्या पोरीचीबी पाठ माज्यावानीच फुटंल, भाऊ."

कोयता तिच्या दंडात रुतला. किटली खाली पडली, केशरबाई नाही. त्यांनी कोयता पुन्हा उचलला तेव्हा मी बोर्डाचा लोखंडी पाईप दोन्ही हातांनी धरून त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. आणि मला बरं वाटलं, लई बरं वाटलं. ते गुडघ्यावर आले तरी मी अजून एक हाणला. तिसऱ्या वेळी उत्तरेश्वरांनी मला मागे ओढलं.

जीपमध्ये उत्तरेश्वरांनी स्वतःचं उपरणं केशरबाईच्या दंडाला करकचून बांधलं.

"बाई, इतके दिस मार खाल्ला. आदी कावून बोलली न्हाईस?"

"मला कुनी इचारलंच न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "तुमीबी त्यांलाच इचारलं."